विषय माझा नव्हता

फळ्यावर नाव माझंच होतं. विषय माझा नव्हता.

‘बहिःशाल व्याख्यानमाला, पुष्प दुसरे. व्याख्याते : प्रा. मनोहर टिळेकर. विषय : वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा. सर्व भगिनींनी अगत्याने यावे.’

अक्षर टपोरं, वळणदार. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या. नांदखेड्याच्या वाचनालयासमोर मी पिशवी हातात धरून उभा होतो आणि ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. पिशवीत ‘ग्राहकाचे हक्क’ या विषयावरची माझी टिपणं होती आणि तळाशी एक पोकळ केलेलं किलोचं वजन. दुकानदार कसा फसवतो ते लोकांना हातात देऊन दाखवावं, म्हणून मी ते मुद्दाम मिळवलं होतं.

१९८८ सालचा जानेवारी होता. मी नाशिकच्या विधी महाविद्यालयात शिकवत असे. विद्यापीठाचा बहिःशाल विभाग तेव्हा आम्हा प्राध्यापकांना गावोगावी व्याख्यानं द्यायला पाठवायचा. एस.टी.नं जायचं, तासभर बोलायचं, नारळ घ्यायचा, मुक्काम करून सकाळी परतायचं. श्रोते ठरलेले असत. पंधरा-वीस पेन्शनर, दोन-तीन शिक्षक आणि पहिल्या रांगेत झोपणारा एक गृहस्थ.

ग्रंथपाल वाणी गुरुजी मला घ्यायला बाहेर आले.

“गुरुजी, विषय बदललाय का?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फळा वाचला. “हे केव्हा लिहिलं? मी दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा फळा कोरा होता.”

“मग कोणी लिहिलं?”

“अध्यक्षांनी लिहायला सांगितलं असेल. नाहीतर तुमच्या विद्यापीठाची तार आली असेल.” ते माझ्याकडे बघत राहिले. “तुम्हाला नाही का कळवलं?”

मला कोणी काही कळवलं नव्हतं. अध्यक्ष प्रल्हादराव फेगडे सकाळपासून केळीच्या वॅगनी भरून घेण्यासाठी स्टेशनवर होते, ते थेट सभेलाच येणार होते. विचारायला दुसरं कोणी नव्हतं. गुरुजी म्हणाले, “चहा घ्या. येतील लोक तसं बघू.”

लोक साडेपाचला येऊ लागले, आणि आल्या त्या सगळ्या बायका. काही जणी कडेवर पोरं घेऊन, काही सरळ मळ्यातून आलेल्या, पायाला माती तशीच. म्हाताऱ्या भिंतीला टेकून खाली बसल्या. खुर्च्या संपल्या तशी गुरुजींनी सतरंज्या काढल्या, त्या संपल्यावर पोती. नेहमीचे पेन्शनर दारात घुटमळले आणि शेवटी मागच्या खिडकीशी उभे राहिले.

“गुरुजी, एवढ्या बायका नेहमी येतात?”

“बावीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय,” गुरुजी म्हणाले. आनंद मानावा की काळजी करावी, ते त्यांचं ठरत नव्हतं. माझंही ठरत नव्हतं.

प्रल्हादराव आले ते मागच्या दारानं, घाईत. पन्नाशीचे, उंच, पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग. मला वाकून नमस्कार केला, सभागृहाकडे पाहिलं आणि थबकले.

“आज काय आहे? हळदीकुंकू?”

“विषय बदललाय ना,” मी म्हणालो. “मला वाटलं, तुम्हीच बदललात.”

“कसला विषय?”

मी सांगितला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा वाणी गुरुजींकडे पाहिलं. चेहरा एकदम उतरला. तो राग होता की भीती, ते मला ओळखू येईना.

“सर, तुमचा विषय ग्राहकाचा आहे. आम्ही पत्रात तोच मागितला होता. तुम्ही त्यावरच बोला.”

त्यांनी प्रास्ताविकात तसंच सांगितलं. फळ्यावर चुकून भलतंच लिहिलं गेलं आहे, पाहुणे ग्राहकांच्या हक्कांवर बोलणार आहेत. सभागृहात कुजबुज उठली. भिंतीजवळची एक म्हातारी बसल्या जागेवरूनच म्हणाली, “आम्ही फळ्यावरचं ऐकायला आलोय. ते नसंल तर उठतो बापा.”

आणि दोन-चार जणी खरंच उठल्या.

प्रल्हादराव माझ्याकडे बघत होते, बायकाही. माझ्या हातात टिपणं होती. आजवर मी रिकाम्या खुर्च्यांना कायदा समजावून सांगत आलो होतो. आज जिन्यापर्यंत माणसं बसली होती. वारसा कायदा तर मी वर्गात दर वर्षी शिकवायचो, त्याला टिपणं लागणार नव्हती. मी पोकळ वजन पिशवीत तसंच ठेवलं आणि म्हणालो, “बसा. मी दोन्हींवर बोलतो. आधी फळ्यावरचं सांगतो.”

ग्राहकावर मी बोललोच नाही.

मी सोपं करून सांगितलं. बापानं स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर मुलाला जेवढा वाटा तेवढाच मुलीला. तिचं लग्न झालेलं असो की नसो, लग्नात कितीही खर्च झालेला असो. हे आजचं नाही, १९५६ पासून आहे.

“मग आमच्याकडून सही का घेतात?” मधूनच कोणीतरी विचारलं.

“त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात,” मी म्हणालो. मी रंगात आलो होतो. “साधा विचार करा. ज्याचा हक्कच नाही, त्याची सही कोण मागायला येईल? सही मागतात, याचाच अर्थ तुम्ही मालकीण आहात.”

सभागृह इतकं शांत झालं, की बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज संपेपर्यंत ऐकू आला. बाजूला प्रल्हादराव गुडघ्यांवर दोन्ही पंजे दाबून समोर बघत बसले होते. मी नजरेनं विचारलं, काही चुकलं का? त्यांनी मान हलवली नाही.

तिसऱ्या रांगेत एक चाळिशीची बाई उभी राहिली. निळं लुगडं, डोक्यावर पदर, रंग उन्हानं रापलेला. बाकीच्या बायका तिच्याकडे वळून पाहू लागल्या, आणि मग लगेच प्रल्हादरावांकडे.

“सर, हे पुस्तकातलं झालं. तुम्हाला बहीण आहे?”

“आहे. मोठी आहे माझ्याहून.”

“वडील?”

“वारले. चार वर्षं झाली.”

“मग त्यांच्या मागं तुम्ही बहिणीला काय दिलं?”

“ताई, प्रश्न विषयाला धरून विचारा,” प्रल्हादराव मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

“विषयाचाच आहे,” ती म्हणाली. माझ्यावरची नजर तिनं हलवली नाही.

“तिचा वाटा दिला,” मी म्हणालो.

ती बसली. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्याच वाजवू लागल्या.

जेवायला प्रल्हादरावांकडेच होतो. माजघरात पाट मांडले होते. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई वाढत होत्या. ठेंगण्या, चटपटीत. वाचनालयाच्याच इमारतीत दुपारी महिला मंडळाची बालवाडी भरायची, ती त्या चालवत. त्या माझ्या ताटात भरीत वाढतच होत्या, मी हात आडवा धरला तरी.

भाकरी घेऊन स्वयंपाकघरातून दुसरी बाई आली, आणि मी दचकलो. निळं लुगडं. तिसऱ्या रांगेतली.

“ही माझी बहीण, मंदाकिनी,” प्रल्हादराव म्हणाले. “सावद्याजवळ दिली आहे. चार दिवस आली आहे.”

मंदाताईंनी माझ्या पानात भाकरी ठेवली आणि आत गेल्या.

मी काहीतरी बोलायचं म्हणून भरिताची स्तुती केली. प्रल्हादराव जेवत नव्हते, नुसती भाकरी मोडत होते.

“सर, राग मानू नका,” ते म्हणाले. “तुमचा कायदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण बहिणीला माहेर लागतं. जमीन घेऊन गेली की माहेर संपतं. मग तिनं सुखदुःखाला यायचं कुठं?”

“दोन्ही राहू शकतं की,” मी म्हणालो.

“तुम्ही उद्या सकाळी जाल. आम्हाला इथं राहायचंय.” मग जवळजवळ विनवणीच्या सुरात, “खरं सांगा, विषय कोणी बदलला? वाणी गुरुजींनी?”

“मला खरंच ठाऊक नाही.”

“तुम्हाला ठाऊक नाही, गुरुजींना ठाऊक नाही. मग फळा आपणहून लिहिला गेला?”

“भरीत वाढू?” प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्या घरात काहीतरी चाललं होतं आणि मी त्याच्या बरोबर मधोमध बसलो होतो, एवढं मला कळत होतं. त्यापलीकडे काही कळत नव्हतं. यजमान माझ्यावर चिडले आहेत की माझ्याकडे मदत मागताहेत? त्यांची बायको इतक्या मायेनं का वाढते आहे? आणि बहिणीनं भर सभेत मला तसं का विचारलं? हात धुताना प्रमिलाबाईंनी पाण्याचा तांब्या कलवला आणि हळूच म्हणाल्या, “चांगलं बोललात हो सर.” मी वर पाहिलं तोवर त्या भांडी आवरत होत्या.

सकाळी साडेसहाच्या गाडीसाठी मी स्टँडवर गेलो. प्रल्हादराव पोचवायला आले नाहीत. थंडी होती. बाकावर मंदाताई बसल्या होत्या, पायाशी पिशवी.

“तुम्हीही निघालात?” मी विचारलं. “चार दिवस राहणार होता ना?”

“राहिले असते. आज अकराला रजिस्टर कचेरीत सही होती माझी.” त्यांनी पदर कानावरून घट्ट ओढला. “आमच्या बापानं अठरा एकर केळीचा मळा केला, सर. स्वतःच्या हातानं. आजा तर दुसऱ्याच्या शेतात सालदार होता. बाबा श्रावणात गेले. दादानं कागद करून ठेवला, मला बोलावलं. मी सही करणारच होते. त्यासाठीच आले होते.”

आता कुठे मला सगळी माणसं आपापल्या जागी दिसू लागली. प्रल्हादरावांचे गुडघ्यांवर दाबलेले पंजे, बायकांच्या वळलेल्या माना.

“मग विषय तुम्ही बदललात?” मी विचारलं.

“मला कुठं लिहिता येतं तसं.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बाकावर आम्ही दोघंच होतो. “वहिनीनं. बालवाडी सुटल्यावर फळ्यावर लिहिलं आणि पोरांच्या आयांना निरोप धाडले. मलाही ठाऊक नव्हतं. काल रात्री भांडी घासताना सांगितलं.”

“पण तुम्ही सही केली असती, तर सगळा मळा तिच्याच घरात राहिला असता.”

“मीही तेच म्हटलं. वहिनी, तुझं डोकं फिरलं का? तर म्हणाली, मी माझ्या तीन भावांना सही दिली. सही दिली तर माहेर राहील, म्हणाले होते. त्या वर्षी दिवाळीला मला न्यायला कोणी आलं नाही. त्यांना आता माझ्याकडून काही नको होतं ना.”

मी माझी पिशवी बाकाखाली सरकवली.

“तिनं मला सही करू नको असं सांगितलं नाही बरं का,” मंदाताई म्हणाल्या. “म्हणाली, ठाऊक असू दे, मग कर काय करायचं ते. आणि मी तरीसुद्धा केली असती, सर. दादाचं मन मोडून काय मिळवायचं? पण तुम्ही उभं राहून सांगितलंत ना, की तुम्ही दिला बहिणीला. मला वाटलं, असे भाऊ असतात तर. मग माझ्या दादाला का जमू नये?”

गाडी आली. आम्ही पुढेमागे बसलो. गाव मागं पडल्यावर त्या वळल्या.

“तुमच्या बहिणीचं नाव काय?”

“निर्मला.”

“वाटा दिल्यावर तिचं माहेर टिकलंय ना, सर? एवढं एक सांगा. तेवढीच एक भीती वाटते मला.”

“टिकलंय,” मी म्हणालो.

“माझा नमस्कार सांगा त्यांना.”

सावद्याच्या अलीकडे एका फाट्यावर त्या उतरल्या. गाडी हलेपर्यंत हात जोडून उभ्या होत्या.

निर्मलाताईनं सही केली होती. वडील गेल्यावर सव्वा महिन्याच्या आत. आमचं नाशिकचं दुमजली घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं होतं, आणि त्याच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मी स्वतःच तयार केला होता. ‘राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ हे शब्द माझे. ताई धुळ्याहून आली होती. “कुठं करू रे मनू?” एवढंच तिनं विचारलं, आणि मी बोट ठेवलं तिथं सही केली. तिला तिचा हक्क काय आहे, ते मी सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात वर्गात मी वारसा कायद्याचं कलम आठ शिकवत होतो.

महिन्याभरानं बहिःशाल विभागाच्या संचालकांनी, डॉ. गर्ग्यांनी, मला बोलावलं. टेबलावर प्रल्हादरावांचं पत्र होतं. व्याख्यात्यांनी मंजूर विषय डावलला आणि गावातल्या घराघरांत कलह पेरला, अशी तक्रार. फळ्यावर कोणी लिहिलं याची चौकशी व्हावी, अशी मागणीही होती.

“टिळेकर, मला हे समजत नाही,” गर्गे म्हणाले. “वाणी गुरुजी लिहितात, त्यांनी फळा लिहिला नाही. अध्यक्ष म्हणतात, त्यांनी नाही. आमच्याकडून तर पत्र ग्राहकाच्या हक्कांचंच गेलं. तुम्हाला काही माहीत आहे?”

“मीच बदलला,” मी म्हणालो.

“तुम्ही? का?”

“मला वाटलं, त्या गावाला तो विषय जास्त उपयोगी आहे.”

“आणि फळा? तुम्ही तर चारला पोचलात.”

“लिहून घेतला एकाकडून. नाव विचारलं नाही.”

गर्ग्यांनी पत्राची घडी घातली. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं. कशासाठी, ते कळत नव्हतं. त्यांनी मला व्याख्यात्यांच्या यादीतून काढलं आणि चौकशी तिथंच संपली. त्या वर्षभरात मी बोललेल्या खोट्यांपैकी ह्या एकाची मला लाज वाटली नाही.

पुढं काय झालं ते मला वाणी गुरुजींच्या पत्रांतून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मंदाताईंनी सही केली नाही. प्रल्हादराव दीड वर्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि वरपक्षानं आत्याला का बोलावलं नाही म्हणून विचारलं. तेव्हा ते स्वतः जाऊन बहिणीला घेऊन आले. मोजणी झाली, नऊ-नऊ एकर. मंदाताईंनी आपला तुकडा विकला नाही, दादालाच कसायला दिला. फळा कोणी लिहिला, हे प्रल्हादरावांना कधी कळलं की नाही, ते गुरुजींनी लिहिलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं.

धुळ्याला मात्र मी लगेच गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत तीन महिने काढले. बक्षीसपत्राचा मसुदा तयार होता, वरचा मजला ताईच्या नावे. तो बॅगेत घेऊन मी एका रविवारी दुपारी तिच्या दारात उभा राहिलो.

ताई शेंगा फोडत बसली होती. मी कागद पुढं केला आणि सगळं सांगितलं. फळा, सभा, मंदाताईंचा प्रश्न, माझं उत्तर. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. ती ऐकताना शेंगा फोडत राहिली. टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे.

“त्या बाईनं मग सही केली?” तिनं विचारलं.

“नाही.”

“बरं झालं.”

मग तिनं हात झटकले. “म्हणजे तुला ठाऊक होतं. तेव्हाही.”

“हो.”

“मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात आलं नसेल. यांनी मला त्याच रात्री सांगितलं होतं, तुझा अर्धा भाग होता म्हणून. मी म्हटलं, मनूच्या लक्षात आलं नसेल, नाहीतर तो बोलला असता. चार वर्षं मी यांच्याशी त्यावरून भांडत आलेय.”

मी सांडलेली टरफलं गोळा करू लागलो.

“आणि गाडीत तू त्या बाईला काय सांगितलंस? निर्मलाचं माहेर टिकलंय?”

“हो.”

“ते तरी मला विचारून सांगायचंस, मनू.”

तिनं बक्षीसपत्र घेतलं. आढेवेढे घेतले नाहीत, आभारही मानले नाहीत. भाऊजी गेल्यानंतर ती धुळ्याचं बिऱ्हाड हलवून नाशिकला आली, तेव्हापासून वरच्या मजल्यावर राहते. तिला येऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्या घराला जिना वेगळा आहे, दारावर तिच्या नावाची पाटी आहे. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसतो. ती वर्तमानपत्र वाचून दाखवते, कारण माझे डोळे आता चालत नाहीत. आम्ही सगळं बोलतो. मुलांचं, आजारपणाचं, वडिलांचंसुद्धा.

माहेराचं तेवढं एक मी तिला अजून विचारलेलं नाही.